चोर्ला घाट चढताना टर्बो दमतो? आधी हवा कुठून सुटते ते शोधा

तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबलाय, तरी गाडी रेटा घेत नाही. बॉनेटखालून ‘फुस्स’ ऐकू येतं आणि इंजिनचा पिवळा दिवा लागतो. स्कॅनर बहुतेक वेळा पी०२९९ दाखवतो. म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरने टर्बोकडून हवेचा जेवढा दाब (बूस्ट) मागितला तेवढा मिळाला नाही, इतकंच. टर्बो गेला असं हा कोड कुठेही म्हणत नाही, तरी लोक थेट टर्बो बदलायला निघतात. पोलो जीटी टीएसआय असो, आय-ट्वेंटी एन लाइन असो की ऑक्टेव्हिया व्हीआरएस, टर्बोला हात लावायच्या आधी रविवारची एक सकाळ पुढच्या तपासणीला द्या.

सुरुवात आकड्यापासून. ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे फोनवर दाखवणारा) लावा, चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका आणि मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनच्या तोंडाशी असलेला हवेचा दाब वाचा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर आहे, त्यामुळे इथे ९२-९३ किलोपास्कल दिसायला हवेत. १०१ दिसले तर सेन्सरवर शंका घ्या. तो आकडा खाली गोव्याचा. बूस्ट गेज वाचतानाही हे ध्यानात ठेवा: तो फक्त बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवतो, आणि १०० किलोपास्कल म्हणजे एक बार. कॉम्प्युटरने एकूण १८० किलोपास्कल मागितले, तर किनाऱ्यावर गेजला ०.८ बार दिसतील आणि बेळगावात जवळजवळ ०.९. गाडी इथे जास्त पळते असा त्याचा अर्थ नाही. तेवढीच हवा भरायला टर्बोला जास्त फिरावं लागतं. मग थोडीशी गळतीही इथे आधी जाणवते.

आता गाडी थंड असताना खालचं प्लास्टिक कव्हर काढा. ऊस तोडणीच्या हंगामात निपाणी-चिकोडी भागात ट्रॉलीमागून जाणाऱ्या गाड्यांच्या इंटरकूलरवर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीवर) पाचट आणि धूळ अक्षरशः लिंपलेली असते. ती मऊ ब्रशने आणि नळाच्या साध्या पाण्याने काढा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर जाळीच्या पातळ पात्या वाकतात. इंटरकूलरच्या होसमध्ये तेलाचा पातळ थर असणं चालतं. तळाशी चमचाभर साचलेलं दिसलं तर ब्रीदर (इंजिनातली तेलकट वाफ बाहेर नेणारी नळी) किंवा टर्बोचा सील बघावा लागेल.

खरी परीक्षा हवा भरून. टर्बोच्या तोंडाला येणाऱ्या पाईपचा आतला व्यास व्हर्निअरने मोजा आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुठल्याही लेथवाल्याकडून त्या मापाचं ॲल्युमिनियमचं बूच करून घ्या. बाहेरून दोन मिलिमीटरचं कडं ठेवायला सांगा, नाहीतर दाबाने होस सटकतो. मधोमध साडेअकरा मिलिमीटरचं भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह ओढून बसवा. एअर फिल्टरच्या डब्याकडून येणारा पाईप सोडा, बूच लावून क्लिप आवळा. क्रँककेसचा (इंजिनच्या तळाच्या ऑइल चेंबरचा) ब्रीदर याच पाईपला जोडलेला असेल तर तो सोडून दोन्ही तोंडं बंद करा. हे विसरलात तर हवा थेट ऑइल चेंबरमध्ये शिरते आणि चांगला असलेला क्रँक सील तुम्हीच फोडता.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. टाकीवाल्या कॉम्प्रेसरच्या रेग्युलेटरवर आधी १० पीएसआय द्या. १५ च्या, म्हणजे साधारण एक बारच्या वर जाऊ नका आणि बुचाच्या समोर उभे राहू नका. टायर फुगवायचा छोटा पंप पुरा पडत नाही, कारण थोडी हवा इंजिनच्या उघड्या व्हॉल्व्हमधून नेहमीच निसटते. भांडी घासायचं लिक्विड पाण्यात घालून जोडांवर फवारा. मोठी गळती कानाला कळते, बारीक गळती बघावी लागते. क्लिपच्या खालच्या बाजूला, जिथे हात जेमतेम पोचतो, तिथे आधी बारीक पांढरा फेस धरतो, मग मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक फुटत राहतात. क्लिप सोडली की आतला ओ-रिंग बहुधा चपटा झालेला किंवा चिरलेला निघतो. दुसरी नेहमीची जागा म्हणजे इंटरकूलरची प्लास्टिक टाकी जिथे ॲल्युमिनियमला दाबून बसवलेली असते तो जोड. त्यावर एम-सील लावणं हा उपाय नाही. घाटात तापला की पुन्हा सुटतो. इंटरकूलरच बदलावा लागतो.

गळती सापडली नाही तर डायव्हर्टर व्हॉल्व्ह (पाय उचलल्यावर जास्तीचा दाब सोडणारा) काढून बघा. पडद्याचा असेल तर पडदा फाटलेला उजेडात दिसतो. मग वेस्टगेटची, म्हणजे टर्बोचा धूर वळवून दाब आवरणाऱ्या झडपेची दांडी: हवेवर चालणारी असेल तर हातपंपाने सरकवून बघा, अडकते का. इलेक्ट्रिक ॲक्च्युएटरची दांडी मात्र पान्याने फिरवायची नाही. तिची जागा स्कॅनरने शिकवावी लागते.

दाब पुरेसा आणि तरी जोर लावल्यावर झटके? स्पार्क प्लग. दाबाखाली ठिणगी उडी मारायला कचरते. फीलर गेजने गॅप मोजा, ०.७ ते ०.८ मिलिमीटर बहुतेकांना चालतो, पण शेवटचा शब्द गाडीच्या पुस्तकाचा.

एवढं सगळं घट्ट झाल्यावरच ताकद वाढवायचा विषय काढा. मॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं बदललेलं सेटिंग, म्हणजे जास्त बूस्ट. गळक्या पाईपवर तो चढवला तर टर्बो आणखी वेगाने फिरून स्वतःलाच संपवतो. गिअरबॉक्सची मर्यादाही बघा. पोलो जीटी टीएसआयचं मूळ इंजिन १७५ न्यूटन-मीटरचं, तर तिच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची क्षमता २५० ची. मधल्या ७५ मध्ये मॅप बसला पाहिजे, तोही काठोकाठ नको. जास्त ऑक्टेनसाठी लिहिलेल्या मॅपवर, स्वस्त मिळालं म्हणून गोव्यात उतरून साधं पेट्रोल भरलं, तर परतीच्या चढावर इंजिन नॉक करणारच (पेट्रोल अवेळी पेटून ठोके देणारच). उघडा कोन फिल्टर तर जांबोटी-कणकुंबीच्या पावसात नकोच: तो गरम हवा ओढतो, आणि खाली बसवला असेल तर पाणीही. कॅटलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणारा डबा) काढू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतील बदलांना लागू होतं आणि अपघातानंतर विमावाला नेमकं तेच उकरतो.

मॅपनंतर ऑइल १५ हजार किलोमीटरची वाट न बघता साडेसात हजारांवर बदला. पहाटे मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये २००० ते ४००० आरपीएम ओबीडीवरून दाबाची एक नोंद (लॉग) घ्या. फोन शेजारच्याच्या हातात. मागितलेला आणि मिळालेला दाब पाचेक किलोपास्कलच्या आत हवा. पहिल्या घाटफेरीनंतर गाडी रात्रभर थंड होऊ द्या आणि नवे सिलिकॉन होस बसवले असतील तर सकाळी त्यांच्या सगळ्या क्लिपा पुन्हा तपासा: सिलिकॉन दबतं, एखादी हमखास पाव फेरी घेते.