लवंग तेलाने मासे गुंगवताना घ्यावयाची काळजी

रोहू, कटला किंवा मृगळ यांचे वजन घेताना मासे तडफडून खवले गळू नयेत म्हणून लवंग तेल वापरले जाते. मात्र त्यातील युजेनॉल हा घटक जितका उपयोगी, तितकाच जास्त मात्रेत घातक आहे.

तेल पाण्यात विरघळत नाही. ते थेट टबात ओतले, तर वर तवंग धरते आणि पृष्ठभागाशी आलेल्या माशाच्या कल्ल्यांना चिकटते. म्हणून 1 मिली तेल 9 मिली इथेनॉलमध्ये आधी नीट मिसळावे आणि या द्रावणातील 8 मिली 20 लिटर पाण्यात ढवळून घ्यावे, म्हणजे लिटरमागे साधारण 40 मिलिग्रॅम तेल पडते. ही सुरुवातीची मात्रा आहे. पाणी उबदार असेल तर गुंगी लवकर चढते, त्यामुळे दोन-तीन माशांवर चाचणी घेतल्याशिवाय संपूर्ण खेप टबात सोडू नये.

मासा प्रथम तोल सोडतो, मग कुशीवर कलतो. या वेळी नजर कल्ल्यांच्या झाकणांवरच ठेवावी, कारण त्यांची हालचाल मंद होणे अपेक्षित असले तरी ती थांबू लागताच मासा तत्काळ एअरेटर चालू असलेल्या स्वच्छ पाण्यात हलवावा लागतो. तेथे तो बहुधा काही मिनिटांत सावरतो.

बाजारात विकायच्या माशांसाठी मी हे तेल सुचवणार नाही. अमेरिकेत खाण्याच्या माशांसाठी त्याला मान्यता नाही. वापरलेले पाणी तळ्यात परत सोडू नये.