अ‍ॅम्प्लिफायर किट घरी जोडताय? या चुका टाळा

किट जोडून झालं आणि आवाज आलाच नाही, किंवा आला तो नुसता घूंऽऽ असा, की पहिला संशय बोर्डावर जातो. ‘माल डुप्लिकेट निघाला.’ निघतोही कधी कधी. पण टीडीए २०३०, एलएम ३८८६ किंवा आपल्याकडे गल्लोगल्ली चालणारा ४४४०, अ‍ॅम्प्लिफायरचा कोणताही आयसी (चिप) घ्या, बोर्डावरचं सर्किट बहुधा आयसीच्या डेटाशीटमधूनच उचललेलं असतं. त्यात चुकण्यासारखं फार नसतं. घोळ होतो तो ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक (आयसीची उष्णता घेणारा धातूचा तुकडा) आणि वायरींच्या मांडणीत, म्हणजे नेमकं जे किटच्या पाकिटात येत नाही त्यात.

ट्रान्सफॉर्मर: १२ म्हणजे १२ नव्हे

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ‘१२-०-१२, ३ अँपिअर’ म्हटलं की ट्रान्सफॉर्मर लगेच हातात पडतो. १२-०-१२ म्हणजे मधल्या टॅपच्या दोन्ही बाजूंना १२-१२ व्होल्ट. १२ व्होल्ट एसीला १.४१ ने गुणा, म्हणजे १७ व्होल्ट. डायोडमध्ये एखादा व्होल्ट गेला की फिल्टर कपॅसिटरवर साधारण ±१६ उरतात. साध्या टीडीए २०३० ची कमाल मर्यादा ±१८ आहे, म्हणजे कागदावर जमतं. पण लोड नसताना ट्रान्सफॉर्मर लिहिल्यापेक्षा जास्तच देतो, आणि रात्री उशिरा लाइन २५० व्होल्टवर गेली की ती मर्यादा सहज ओलांडली जाते. त्यापेक्षा ±२२ व्होल्ट सोसणारा २०३०ए किंवा ±२५ वाला २०५० बसवा. किमतीत फार फरक नाही.

कपॅसिटरचंही तसंच. २४-०-२४ ट्रान्सफॉर्मरवर ३५ व्होल्टचे कपॅसिटर लावलेले अनेक सेट दिसतात. २४ गुणिले १.४१ म्हणजे जवळपास ३४, आणि लाइन दहा टक्के चढली की ३७. तिथे ५० व्होल्टचेच हवेत.

‘२०० वॅट’ लिहिलेल्या बोर्डाला वरचा १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर लावून ताकद कमी पडते अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. दोन्ही बाजू मिळून २४ व्होल्ट गुणिले ३ अँपिअर म्हणजे ७२ व्हीए (व्होल्ट-अँपिअर). त्यातून २०० वॅट येणार कुठून? ±१६ व्होल्टवर आयसीचे अडीच-तीन व्होल्ट वजा केले तर ८ ओहमच्या स्पीकरला चॅनलमागे १० वॅटच्या आसपास मिळतात. घरच्या खोलीसाठी ते पुरेसे आहेत. पीएमपीओचे (जाहिरातीतल्या ‘पीक’ वॅटचे) आकडे स्टिकरपुरते.

पहिल्यांदा चालू करताना

थेट भिंतीवरच्या बोर्डाला पिन खुपसणं आणि सोबत चांगला स्पीकर जोडून ठेवणं, या दोन गोष्टी एकत्र करू नका. आधी सिरीज बोर्ड लावा: फेज वायरमध्ये ६० किंवा १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये. बल्ब जुना, तारेचाच हवा. एलईडी बल्बचा इथे काही उपयोग नाही. चालू करताच बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर कपॅसिटर भरले, सगळं ठीक. भक्क पेटून तसाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. लगेच बंद करा. शोधण्यापूर्वी कपॅसिटर रिकामे करा, पण स्क्रूड्रायव्हरने नाही. १०० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर काही सेकंद धरला की काम होतं.

शॉर्टचा नेहमीचा गुन्हेगार हीटसिंकवर सापडतो. २०३०, २०५०, एलएम १८७५, टीडीए ७२९४ या आयसींच्या पाठीवरचा धातू ग्राउंडला नाही, मायनस सप्लायला जोडलेला असतो. दोन चॅनलना एकच हीटसिंक असेल आणि तो कॅबिनेटला टेकत असेल तर मायनस थेट बॉडीवर. मायका (वीज अडवणारी पातळ चकती) बरेच जण लावतात, पण स्क्रूभोवतीचं प्लास्टिकचं बुश विसरतात. मग मायका जागेवर असून स्क्रूच धातूला धातू जोडतो. लाइन देण्याआधी मल्टिमीटर बझरवर ठेवून एक टोक आयसीच्या पाठीला, दुसरं हीटसिंकला लावा. आवाज यायला नको.

बल्ब मंद झाला की स्पीकरऐवजी आउटपुटला मल्टिमीटर लावून डीसी मोजा. ड्युअल सप्लायच्या (प्लस आणि मायनस दोन्ही असलेल्या) बोर्डावर ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर स्पीकर जोडा. व्होल्टमध्ये आकडा दिसला तर त्या बोर्डाला स्पीकर जोडणं म्हणजे व्हॉइस कॉइल जाळणं. तरीही पहिला स्पीकर जुनापुराणाच असू द्या. टीपीए ३११६ सारख्या क्लास डी (स्विचिंगवर चालणाऱ्या) बोर्डांत मात्र स्पीकरच्या दोन्ही टोकांवर ग्राउंडच्या तुलनेत निम्मा सप्लाय असतो, म्हणून मोजायचं ते दोन टोकांमध्ये. अशा बोर्डावर स्पीकरचं मायनस ग्राउंडला कधीही जोडू नका.

घूंऽऽ

आधी वॉल्यूम शून्यावर आणा. गुणगुण जशीच्या तशी राहिली तर दोष वॉल्यूमच्या पुढे, म्हणजे सप्लाय किंवा ग्राउंडमध्ये. वॉल्यूमबरोबर वाढत असेल तर इनपुटची वायर, सॉकेट किंवा वॉल्यूमचा पॉट (फिरवायचा रेझिस्टर) बघा. पॉटला बोट लावल्यावर आवाज बदलतो? त्याची धातूची बॉडी ग्राउंड झालेली नाही.

कानही बरंच सांगतो. खोल, गोलसर आवाज ५० हर्ट्झचा: वायर ट्रान्सफॉर्मरजवळून गेलीय किंवा शिल्ड तुटलीय. खरखरीत, चिडका आवाज १०० हर्ट्झचा: तो ब्रिज रेक्टिफायरनंतरचा रिपल, म्हणजे डीसीत उरलेली लहर. लोक लगेच ४७०० मायक्रोफॅरडच्या जागी १०,००० चे कपॅसिटर आणतात, आणि कित्येकदा आवाज कमी व्हायच्या ऐवजी आणखी चिडका होतो. कारण कपॅसिटर मोठा झाला तसे त्यात जाणारे करंटचे झटकेही मोठे झाले, आणि इनपुटचा ग्राउंड नेमका त्याच वायरवरून घेतलेला असतो. ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप दोन फिल्टर कपॅसिटरच्या सांध्यावर आणा. तिथून एक आखूड, जाड वायर एका बिंदूपर्यंत न्या. स्पीकरची परतीची वायर, बोर्डाचा ग्राउंड आणि इनपुटचा ग्राउंड त्या बिंदूवर स्वतंत्रपणे जोडा. या कामाला दोन फूट वायर लागते, बस्स. ‘ऑडिओ ग्रेड’ कपॅसिटरवर हजारभर रुपये घालण्याआधी एवढं करून बघा.

ट्रान्सफॉर्मर बोल्टने आवळण्यापूर्वी, लाइनची टोकं नीट झाकून, तो थोडा फिरवून बघा. काही कोनांत गुणगुण स्पष्ट कमी होते.

लॅपटॉपचा चार्जर काढला की आवाज जातो, तेव्हा तो ग्राउंड लूप असतो, म्हणजे ग्राउंड दोन वाटांनी जोडला जाऊन बनलेलं वेटोळं. त्यावर उपाय म्हणून थ्री-पिनची अर्थिंग कापणारे महाभाग आहेत. धातूचं कॅबिनेट असेल तर अर्थिंग हवंच, त्यात तडजोड नाही. इनपुटचे सॉकेट बॉडीपासून वेगळे ठेवा, नाहीतर ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा.

बायसचा प्रीसेट

बायस म्हणजे गाणं नसतानाही आउटपुटच्या ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडासा करंट. आयसीच्या किटला तो लावावा लागत नाही. पण ५२००-१९४३ या ट्रान्झिस्टरच्या जोडीवर चालणाऱ्या बोर्डावर छोटा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा रेझिस्टर) असतो आणि तो हातात स्क्रूड्रायव्हर असलेल्या माणसाला स्वस्थ बसू देत नाही. बायस फार कमी असेल तर हळू आवाजात गाणं किंचित घासल्यासारखं लागतं, मोठ्या आवाजात तेच बरं वाटतं. फार जास्त असेल तर गाणं न लावताच हीटसिंकला हात लावता येत नाही.

प्रीसेट सर्वांत कमी बायसवर ठेवून सुरुवात करा. इनपुट ग्राउंडला शॉर्ट केलेला, स्पीकर काढलेला. बंद असतानाच मीटरच्या क्लिपा आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटर रेझिस्टरच्या दोन पायांना लावा, कारण चालू बोर्डावर प्रोब सरकला की ट्रान्झिस्टरची जोडी जाते. रेझिस्टर ०.२२ ओहमचा असेल तर ११ मिलिव्होल्ट म्हणजे ५० मिलिअँपिअर. पाव-पाव फेरा फिरवत तिथवर या, मग वीस मिनिटं थांबून पुन्हा बघा. सिरीज बल्ब असताना सप्लाय थोडा खाली बसतो, म्हणून शेवटचा आकडा बल्ब काढल्यावरच घ्यायचा. आकडा थांबायचं नावच घेत नसेल, चढतच राहिला, तर बायसचा छोटा ट्रान्झिस्टर शोधा. तो मुख्य हीटसिंकला चिकटलेला असायला हवा. बोर्डावर मोकळा राहिला तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर तापल्याचं त्याला कळतच नाही आणि करंट वाढत जातो.

बाकी किरकोळ

‘आवाज फार आहे’ म्हणून २०३० चा फीडबॅक रेझिस्टर बदलून गेन (सिग्नल किती पटीने वाढतो ते) कमी करू नका. २४ डीबीच्या खाली तो आयसी ऑसिलेट होतो, म्हणजे स्वतःच सिग्नल बनवू लागतो. ऐकू काही येत नाही, नुसता तापतो. गेन तसाच राहू द्या आणि इनपुटलाच सिग्नल कमी करा. आउटपुटवरची रेझिस्टर आणि छोट्या कपॅसिटरची जोडीही ‘नसली तरी चालतं’ म्हणून गाळू नका.

४ ओहमचे दोन स्पीकर पॅरललमध्ये लावले की २ ओहम होतात. गणपतीत मंडपातल्या दोन्ही कोपऱ्यांत आवाज हवा म्हणून हे हमखास होतं, आणि आरतीच्या मध्येच आयसी तापून गप्प बसतो. दोन्ही सिरीजमध्ये लावा.

वॉल्यूम पहिल्या पाव फेऱ्यातच अंगावर येत असेल तर दुकानदाराने बी मार्क असलेला लिनिअर पॉट दिलाय. ए मार्कचा, लॉग पॉट मागून घ्या.