झेब्रा फिंचच्या पिल्लाचा रियाज कसा टिपावा

झेब्रा फिंच हा छोटा गाणारा पक्षी. त्याचं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं तो दिवस वहीत लिहा. पुढचं सगळं त्या तारखेपासून मोजायचं आहे. या जातीत गाणं फक्त नर शिकतो, पण सुरुवातीला नर-मादी ओळखू येत नाहीत. म्हणून प्रत्येक पिल्लाच्या पायात वेगळ्या रंगाची कडी घाला.

आधी बापाचं गाणं ध्वनिमुद्रित करा. 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, वेव्ह फाइल. आवाजाची पातळी आपोआप वरखाली करणारी सोय बंदच ठेवा, नाहीतर पिल्लाची पुटपुट आणि बापाची तान सारख्याच जोराची दिसते. स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे वेळेनुसार आवाजाचे चढउतार दाखवणाऱ्या चित्रावर, बापाच्या गाण्यातले तुकडे मोजा. ठरावीक क्रमाने येणारे साधारण 3 ते 8 असतात.

पिल्लू ऐकून आठवणीत साठवतं ते मुख्यतः 25 ते 65 व्या दिवसांत. तोवर बापाला हलवू नका. त्याच खोलीत दुसरा प्रौढ नर असेल तर त्याचेही तुकडे पिल्लाच्या गाण्यात शिरू शकतात. बापाऐवजी दिवसभर स्पीकर लावणं हा उपाय नाही. स्पीकरच्या कळीवर चोच मारून पिल्लाने स्वतः मागून घेतलेलं, तेही मोजकंच गाणं चांगलं उतरतं. सतत वाजवलं तर नक्कल उलट बिघडते.

30-35 व्या दिवसाच्या आसपास कान द्या. पिल्लू शांत बसून अगदी हळू पुटपुटतं, कधी डोळे अर्धवट मिटलेले असतात. हा रियाज. घास मागतानाचा कर्कश, एकसुरी गलका याच्यात मोजू नका. पुढे तुकडे ओळखू येतात, पण त्यांचा क्रम रोज बदलतो.

इथे एक चूक हमखास होते. रात्रीच्या झोपेनंतर सकाळचं गाणं आदल्या संध्याकाळपेक्षा विस्कटलेलं असतं, आणि पिल्लू आजारी आहे असं वाटतं. तसं नसतं. सकाळी जास्त घसरणाऱ्या पिल्लांची शेवटची नक्कल जास्त चांगली जमल्याचं 2005 च्या अभ्यासात दिसलं. म्हणून तुलना नेहमी त्याच वेळेच्या ध्वनिमुद्रणांची करा, आणि मादी समोर नसताना. तिच्यासाठी गायलेलं गाणं जरा वेगवान आणि जास्त नेटकं असतं.

90 व्या दिवसानंतर तीन वेगवेगळ्या दिवशी ध्वनिमुद्रण घ्या. तुकडे आणि क्रम तिन्हींत तेच असतील तर गाणं बसलं. तुकडे विचित्र लांबलेले असतील, तर ऐकण्याच्या दिवसांत त्याला गाणारा नर पुरेसा लाभला होता का, ते वहीत तपासा.