परपेच्युअल कॅलेंडर घेतलंय? मग या चुका टाळा

रात्री आठनंतर तारखेच्या बटणाला हात लावू नका. बाकीचं वाचलं नाही तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवा. (परपेच्युअल कॅलेंडर म्हणजे महिना किती दिवसांचा आणि लीप वर्ष कधी, हे स्वतःच ओळखून तारीख बदलणारं यांत्रिक घड्याळ.)

मी स्वतः ही चूक केलीय. घड्याळ दोन आठवडे कपाटात बंद पडलं होतं, दुसऱ्या दिवशी लग्नाला घालायचं होतं म्हणून रात्री साडेअकराला चावी दिली, वेळ लावली आणि तारीख पुढे न्यायला केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या कवचाच्या, कडेचं ते बारीक बटण दाबत बसलो. तिसऱ्यांदा दाबताना काहीतरी अडल्यासारखं लागलं, आणि मी थांबायच्या ऐवजी अजून जोर दिला. तारखेचा छोटा काटा १४ आणि १५ च्या मधे अडकला तो अडकलाच. नंतर कारागिराने भिंगातून दाखवलं, एका चाकाचा एकच दात वाकला होता, डोळ्याला दिसणारही नाही एवढा. पण पार्ट येऊन घड्याळ परत हातात पडायला पाच महिने लागले.

असं का होतं ते सांगतो. आत एक चाक असतं, त्याच्या कडेवर चार वर्षांचे ४८ महिने कापलेले असतात. ३१ दिवसांच्या महिन्याला खाच नसते, ३० च्या महिन्याला उथळ खाच, फेब्रुवारीला खोल, आणि लीप वर्षातल्या फेब्रुवारीला किंचित कमी खोल. एक लिव्हर त्या खाचेत टेकतो आणि खाच किती खोल त्यावरून महिनाअखेरीला तारखेने किती उडी मारायची ते ठरतं. किती सुंदर डोकं चालवलंय! पॅटेक फिलिप या स्विस कंपनीने १९२५ मधे असं पहिलं मनगटी घड्याळ केलं, तेही १८९८ ला गळ्यातल्या घड्याळासाठी बनवलेली मशीन वापरून. तर मध्यरात्रीच्या काही तास आधीपासून हे लिव्हर ताण घ्यायला लागतात, आणि तेव्हाच तुम्ही बाहेरून बटण दाबलं की एकाच चाकाला दोन्हीकडून ओढ बसते. नेमके तास मॉडेलप्रमाणे बदलतात, मॅन्युअल बघा.

बंद घड्याळ लावताना काटे सकाळी सहाच्या आसपास आणा. पण डायलवर सहा म्हणजे सकाळचे की संध्याकाळचे? काटे पुढे फिरवून बारा पार करा, तारीख बदलली तर ती मध्यरात्र, तिथून पुढे सहावर या. तारीख दुपारी बदलतेय अशी तक्रार असेल तर तेही हेच, काटे १२ तास पुढे न्या, घड्याळ बिघडलेलं नाही.

बटण दाबायला सोबत आलेली काठीच वापरा, सेफ्टीपिन किंवा पेनचं टोक नको, सोन्याच्या केसवर ओरखडा कायमचा राहतो.

आयडब्ल्यूसी कंपनीच्या १९८५ च्या दा विंची या घड्याळात त्यांच्या कर्ट क्लाउस या घड्याळजीने ही बटणंच काढून टाकली, सगळं क्राउनने, म्हणजे बाजूच्या चावी द्यायच्या गोल खुंटीने होतं. सोपं आहे, पण तिथे तारीख मागे नेता येत नाही! घाईत चार दिवस पुढे गेलात तर घड्याळ बंद ठेवून चार दिवस वाट बघायची.

डायलवर चंद्राची कला दाखवणारा चंद्र असेल तर तो लोक अंदाजे लावतात, तसं करू नका. कालनिर्णय काढा, मागची पौर्णिमा बघा, चंद्र डायलवर पूर्ण आणा आणि पौर्णिमेपासून जितके दिवस झाले तितक्या वेळा चंद्राचं बटण दाबा. साध्या ५९ दातांच्या चाकाचा चंद्र साधारण अडीच-पावणेतीन वर्षात एक दिवस चुकतो, १३५ दातांचा असेल तर १२२ वर्षात एक.

घड्याळात मिनिट रिपीटर (ठोके देऊन वेळ सांगणारी यंत्रणा) असेल तर ठोके चालू असताना क्राउन ओढून वेळ लावायला जाऊ नका, फार महागात पडतं. आणि जुनी केस चकचकीत पॉलिश करून घेऊ नका, कडा गोल होतात, जाणकार गिऱ्हाईक पहिलं तेच बघतं. पावसाळ्यात चामड्याचा पट्टा काढून ठेवा, आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी धरते.

शेवटची दुरुस्ती बहुतेक आपल्या नातवंडांनाच करावी लागेल. २१०० हे लीप वर्ष नाही, पण घड्याळाला ते माहीत नसतं, ते २८ फेब्रुवारीनंतर २९ दाखवणार. मी डब्यात चिठ्ठी लिहून ठेवलीय: १ मार्च २१००, तारीख एक दिवस पुढे, सकाळी.