स्लीप अ‍ॅप्निया तपासणी शिबिराची तयारी: आधी सोबत झोपणारं माणूस

स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडणं. शिबिराच्या निरोपातच ठळक लिहा: रात्री तुमच्या खोलीत जे कोणी झोपतं, त्याला सोबत आणा. मागच्या वेळी आमच्याकडून नेमकं हेच राहिलं आणि भरलेल्या फॉर्मांवर विश्वास ठेवता येईना.

टोरांटोत तयार होऊन २००८ साली आलेली, या आजाराचा धोका ओळखणारी स्टॉप प्रश्नावली आणि तिचंच वाढवलेलं स्टॉप-बँग मूळ शस्त्रक्रियेआधीच्या रुग्णांसाठी होतं. आता सगळीकडे तेच वापरतात. आठ प्रश्न, हो म्हटलं की एक गुण. त्यातले दोन असे: बंद दाराबाहेर ऐकू जाईल इतकं घोरता का? झोपेत श्वास थांबलेला कोणी पाहिलाय का? झोपलेल्या माणसाला हे कसं कळणार? "छे, मी कुठे घोरतो" म्हणेल आणि बायको घरी बसलेली असेल. दोन गुण इथेच गेले. ४ चा माणूस २ वर आला, म्हणजे कमी धोक्याच्या गठ्ठ्यात गेला. सोबत कोणी नसेल तर तिथूनच घरी फोन लावा. फोन लागला नाही तर त्या दोन प्रश्नांपुढे 'माहीत नाही' लिहा. 'नाही' लिहू नका. घरच्यांना पहाटे, माणूस उताणा झोपलेला असताना, मोबाइलवर दोन-तीन मिनिटं चित्रण करायला सांगा. श्वास तेव्हा जास्त अडतो.

टेबल-खुर्च्या, पेनं, फॉर्म यावर काय सांगायचं! मोजपट्टी मात्र नवी घ्या. गळ्याच्या घेराचा गुण ४० सेंटीमीटरच्या वर मिळतो आणि जुनी पट्टी ताणलेली असते. वरचं बटण उघडा, चेन-मंगळसूत्र बाजूला घ्या, मान सरळ, खांदे सैल. पट्टी कंठमण्याच्या जरा खाली, कातडीला टेकेल इतकीच. वजनकाटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर नको. बीपीचा मोठा पट्टा हवाच: जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा फुगतो. आधी पाच मिनिटं बसवा. बीपीची गोळी चालू असेल तर आजचा बीपी नॉर्मल असला तरी त्या प्रश्नाचं उत्तर 'हो'.

बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३५ च्या वर असेल तर गुण, पण आपल्याकडे त्याहून बारीक माणसांनाही हा आजार होतो. हनुवटी मागे गेलेली, टॉन्सिल मोठे, असं दिसलं तर शेऱ्यात लिहा. बायकांना सकाळी डोकं दुखतं का, रात्री झोप लागते का, थकवा किती, हे वेगळं विचारा. त्या घोरण्याबद्दल बोलायला लाजतात. तेव्हाही सोबत झोपणारं माणूस लागतंच.

ड्रायव्हरांचं शिबिर असेल तर साहेबांना खोलीबाहेर ठेवा. नोकरीच्या धास्तीने दिवसा डुलकी येते हे कोणी कबूल करत नाही. एपवर्थ म्हणजे दिवसा झोप किती येते याची वेगळी प्रश्नावली; तिचे गुण २४ पैकी १० च्या वर गेले तर झोप जास्त येते हे नक्की. कमी आले म्हणून माणूस सुटला असं धरू नका.

शेवटी स्टॉप-बँगचे एकूण गुण: ०–२ कमी, ३–४ मध्यम, ५ पासून जास्त धोका. ३ पासून पुढे स्लीप स्टडीची (झोपेत श्वास कसा चालतो ते मोजणाऱ्या तपासणीची) चिठ्ठी. फॉर्मवर 'आजार आहे' असं लिहू नका. ऑपरेशन ठरलेलं असेल तर भूलतज्ज्ञांना कळवायला सांगा. आणि निरोप पाठवण्याआधी पुन्हा वाचा: सोबत झोपणाऱ्या माणसाची ओळ आहे ना?