दुसऱ्याचा विकिपीडिया लेख तपासून फीडबॅक कसा द्यायचा

कुणी म्हणालं "जरा माझा लेख बघून सांग", की लगेच ऱ्हस्व-दीर्घ शोधायला बसू नका. त्या चुका दिसल्या की तुम्हीच थेट संपादन करून टाका, त्यांची यादी करून समोरच्याला देण्यात दोघांचाही वेळ जातो. आधी संदर्भ उघडा. सगळे नाही जमले तरी चार-पाच निवडा, खासकरून जिथे आकडे, तारखा किंवा जिवंत माणसाबद्दल काही वाईट लिहिलंय तिथले, आणि वाक्यात आहे तेच मुळात तिथे आहे का ते शब्द लावून वाचा. बऱ्याचदा मूळ मजकुरात "शक्यता आहे" असतं आणि लेखात ते ठाम होऊन बसतं. नाहीतर संदर्भ अर्ध्याच वाक्याला लागू पडतो, किंवा नंतर कुणीतरी मधेच एक वाक्य घुसवलेलं असतं आणि शेवटच्या संदर्भामुळे तेही त्यातूनच आलंय असं वाटतं. हे फक्त वाचून कळत नाही, इतिहास टॅबमध्ये जाऊन दोन आवृत्त्यांमधला फरक बघावाच लागतो.

लिंक मेलेली असेल तर संदर्भ काढायला सांगू नका, वेबॅक मशीनवर (जुनी वेबपानं साठवून ठेवणारी साइट) जुनी प्रत मिळते का बघा. आणि मजकूर दुसऱ्या साइटवर जसाच्या तसा सापडला तर चोरीचा आरोप करायच्या आधी कोणाचं आधीचं आहे ते तपासा, कारण विकिपीडियाचा मजकूर श्रेय देऊन वापरायला मुभा आहे आणि कितीतरी साइट्स तो उचलतात. काही तर श्रेयही देत नाहीत, आणि मग तीच साइट लेखात संदर्भ म्हणून परत येते! असा गोल फिरणारा संदर्भ दिसला तर नक्की सांगा, माझ्या मते ही चूक सगळ्यात जास्त नुकसान करते.

आता लिहायचं कसं. "लेख एकांगी वाटतो", "संदर्भ कमी आहेत" असं लिहून उपयोग नाही, समोरच्याने नेमकं काय करायचं? त्यापेक्षा असं लिहा: "दुसऱ्या परिच्छेदात पूल पूर्ण झाला असं आहे, पण दिलेल्या बातमीत फक्त काम सुरू झाल्याचं आहे, दुसरा संदर्भ आहे का?" किंवा "थोर, अजरामर ही विशेषणं कोणाचं मत आहे? समीक्षकाचं असेल तर त्याच्या नावाने लिहू या." कुठलं दुरुस्त केल्याशिवाय चालणार नाही आणि कुठली नुसती तुमची आवड, हेही वेगळं सांगा, नाहीतर माणूस तुमच्या आवडीचे शब्द बदलत बसतो आणि चुकीची तारीख तशीच राहते.

हे सगळं लेखाच्या चर्चा पानावर लिहा म्हणजे पुढे येणाऱ्यालाही दिसेल, खाली चार टिल्डे (~~~~) टाकून सही करा, आणि तुम्ही वाचलेल्या आवृत्तीचा शाश्वत दुवा (कायम त्याच आवृत्तीवर नेणारी लिंक) द्या. लेख सतत बदलतो, महिन्याभराने "दुसरा परिच्छेद" कुठला हे कोणालाच कळत नाही. जुनी चर्चाही आधी वाचा, तुमचा मुद्दा कदाचित तिथे मिटलेला असेल.

नवीन सदस्य असेल तर एकदम वीस मुद्दे टाकू नका प्लीज. दोन सांगा, एक स्वतः दुरुस्त करून दाखवा आणि संपादन सारांशात (बदल जतन करताना लिहायच्या छोट्या ओळीत) कारण लिहा. सगळं काम एका क्लिकमध्ये उलटवलं (म्हणजे लेख आधीच्या आवृत्तीवर परत नेला) की माणूस परत येत नाही, आणि अशा चांगल्या मनाने आलेल्या लोकांवरच तर हे सगळं चाललंय.

फीडबॅक तुम्हाला मिळाला असेल तर प्रत्येक मुद्द्याखाली वेगळं उत्तर द्या, काय बदललं ते लिहा, पटलं नाही तर स्रोत दाखवा. लेख कोणाच्याच मालकीचा नसतो त्यामुळे "मी लिहिलाय" हे कारण चालत नाही. दोघांचं जमतच नसेल तर एकमेकांचं उलटवत बसू नका, इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत ३ पेक्षा जास्त वेळा उलटवलं तर ब्लॉक होऊ शकतं, त्याऐवजी तिसऱ्या संपादकाला बोलवा.

आणि तपासणाऱ्याने पान निरीक्षणसूचीत ठेवावं, म्हणजे त्यात बदल झाले की कळतं. समोरच्याने दुरुस्त्या केल्या की परत जाऊन तो भाग वाचायचा आणि ज्या मुद्द्यांचं समाधान झालं त्यांच्यापुढे तसं लिहायचं.