शिमानोचे परत बोलावलेले क्रँक: आपल्या सायकलवर तोच आहे का, कसं तपासावं?

सप्टेंबर 2023 मध्ये सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्या शिमानो या जपानी कंपनीने अल्टेग्रा आणि ड्युरा-एस या आपल्या रोडबाइक मालिकांचे काही 11-स्पीड क्रँक (पेडल ज्यावर बसतात ते दांडे) तपासणीसाठी परत बोलावले. या क्रँकची दांडी आतून पोकळ असते, दोन भाग चिकटवून बनवलेली. हा जोड सुटला की दांडी चालत्या सायकलवरच मोडू शकते. एकट्या अमेरिका-कॅनडात तेव्हापर्यंत अशा 4,519 तक्रारी आल्या होत्या आणि सहा जण जखमी झाले होते. सोलापुरात जुनी रोडबाइक घेतलेल्यांनी तर हे बघायलाच हवं. कंपनीची सूचना पहिल्या मालकाला मिळाली असेलही, तुमच्यापर्यंत ती कोण पोचवणार?

आधी नंबर शोधा. क्रँकच्या आतल्या बाजूला एफसी-6800, आर8000, 9000, आर9100 किंवा आर9100-पी दिसतो का बघा. मग पेडल बसतं तिथे मागच्या अंगाला कोरलेली दोन इंग्रजी अक्षरं वाचा. केएफपासून आरएफपर्यंतचा कोड म्हणजे 1 जुलै 2019 पूर्वीचा माल. शिमानोच्याच 105 या मालिकेचे क्रँक यात नाहीत.

कोड जुळला तर सायकल उभी करा आणि क्रँक धुऊन काढा. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ चेनच्या तेलात मिसळून असा थर धरते की खालची भेग दिसतच नाही. भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश, मग कोरडं फडकं. आता टॉर्च तिरपा धरून दांडीच्या मागच्या बाजूचा जोड टोकापासून टोकापर्यंत बघा. चेनरिंगच्या (चेन फिरते त्या दातेरी चकतीच्या) मागचा भाग जास्त करून सुटतो, तिथे जास्त वेळ द्या. जोडावरून नख फिरवा. नख अडकलं, फट दिसली किंवा पांढरी पूड निघाली, तर जोड सुटायला लागलाय असंच धरा. पाणी आणि घामातलं मीठ आत शिरलं की अॅल्युमिनियम असंच गंजतं, आणि इथल्या एप्रिल-मेच्या राइडला घाम किती गळतो हे सांगायला नको.

तुळजापूर घाटात उभं राहून पेडल मारताना करकर ऐकू आली होती का, तेही आठवा. ती सैल पेडलचीही असू शकते, पण खात्री करायला मुद्दाम राइडला जाऊ नका.

एम-सील, वेल्डिंग असले उपाय अजिबात नकोत. फोटो काढून ठेवा आणि अधिकृत डीलरकडे जा. तपासणी मोफत आहे, जोड सुटलेला निघाला तर क्रँकही मोफत बदलून मिळतो. काही सापडलं नाही तरी डीलरला दाखवल्याशिवाय सायकल काढू नका. तिथे पास झालेला क्रँकसुद्धा दर महिन्याला, आणि पावसाळा संपल्यावर न चुकता, असाच धुऊन बघत जा.